सगुणाबाईंची गाळलेली ओळ

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रोडला लागलं की थोडं पुढे डाव्या हाताला एक बोळ आत जातो, आणि बोळ संपतो तिथे एक लहानसं चर्च आहे. कौलं जाऊन पत्रे आले, पत्रे जाऊन स्लॅब आला, पंखे वाढले, माइक आला, आता तर गाण्यांचे शब्द भिंतीवरच्या पडद्यावर दिसतात. पण एक गोष्ट तिथे कित्येक वर्षं बदलली नव्हती. दर रविवारी प्रभूची प्रार्थना सुरू झाली की उजवीकडच्या बाकावरून सगुणाबाई रणनवरे यांचा खणखणीत आवाज सगळ्यांच्या वर चढायचा आणि मधेच एका ओळीपुरता बंद पडायचा, लाइट गेल्यासारखा. ती ओळ संपली की पुन्हा चालू.

ओळ कोणती, हे ख्रिस्ती माणसाला सांगायला नको. इतरांसाठी सांगायचं तर, त्या प्रार्थनेत रोजची भाकर मागून झाली की देवाकडे क्षमा मागायची असते, आणि मागता मागता त्याला हेही सांगायचं असतं की आम्हीसुद्धा आमच्या अपराध्यांना सोडून दिलंय. सगुणाबाईंनी एका व्यक्तीला सोडलेलं नव्हतं. मग म्हणायचं कसं? देवाच्या समोर उभं राहून धडधडीत खोटं बोलायचं? छे. त्यापेक्षा ती ओळ गाळलेली बरी, असा त्यांचा हिशोब होता.

"बाकीची प्रार्थना मी मनापासून म्हणते," त्या सांगायच्या. "एक ओळ म्हणत नाही. तुम्ही सगळ्याच ओळी म्हणता, त्यातल्या किती खऱ्या असतात ते तुमचं तुम्ही बघा."

यावर कोण काय बोलणार? शिवाय सगुणाबाईंशी बोलण्यात जिंकलेलं माणूस मंडळीत अजून जन्माला यायचं होतं. त्यांचा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेला. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि तिकडून ओरडणारे पुणेकर. "अर्ध्या तासापासून लाइन मागतोय" असं कोणी खेकसलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "मग आता सवय झाली असेल, आणखी पाच मिनिटं थांबा." अशी बाई रिटायर झाली म्हणून मवाळ थोडीच होणार. गुडघे कुरकुरायला लागले, साखर वाढली, नवरा देवाघरी गेला, नातवंडं उंचीने त्यांच्या पुढे गेली, पण जीभ होती तशीच राहिली.

नवरा मात्र मोठा गोड माणूस होता. शांतवन रणनवरे, खडकीच्या कारखान्यात फिटर. त्या ओळीला सगुणाबाई गप्प झाल्या की ते शेजारून हळूच कोपराने ढोसायचे आणि डोळे न उघडता कुजबुजायचे, "अजून नाही का?" सगुणाबाई मानेने नाही म्हणायच्या आणि दोघं पुढची ओळ धरायचे. घरी आल्यावर ते हसायचे. "सगळ्या पुण्याला एकमेकांशी जोडून देतेस आणि तुझी एक लाइन लागेना." सगुणाबाई म्हणायच्या, "रस्सा वाढू का?" आणि तो विषय तिथे संपायचा.

आता ही व्यक्ती कोण, आणि तिने असं काय केलं होतं?

तिचं नाव शुलमिथ. सगुणा आणि शुलू येरवड्यात एकाच चाळीत लहानाच्या मोठ्या झाल्या. एका बाकावर शाळा, एका रांगेत चर्चमधलं गाणं, एकीला ताप आला की दुसरी शाळेत जायची नाही. वीस वर्षांची असताना सगुणाचं लग्न ठरलं. मुलगा नगरकडचा, मिशनच्या शाळेत मास्तर. सगुणाचे वडील, अण्णा, हे मंडळीचे पंच. पहिल्या बाकावर बसणारे, दानाची थाळी फिरवणारे, पांढरी टोपी आणि इस्त्रीचा शर्ट. त्यांनी शब्द दिला आणि तयारी सुरू झाली.

ख्रिस्ती लग्नाची एक रीत आहे. लग्नाआधी सलग तीन रविवार पाळकसाहेब भर उपासनेत जाहीर करतात की अमुक मुलीचं तमुक मुलाशी लग्न ठरलं आहे, कोणाची काही हरकत असेल तर सांगावी. विचारायचं म्हणून विचारतात. हरकत घ्यायला कधी कोणी उठत नाही. लोक त्या वेळात चपला सारखी करतात, पोरांची नाकं पुसतात. सगुणाचे दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं आणि गाणाऱ्यांच्या रांगेतून शुलू उठली. म्हणाली, "माझी हरकत आहे. सगुणाला हा मुलगा पसंत नाही. ती माझ्याजवळ रडली."

झालं. मुलाकडची माणसं त्या दिवशी नेमकी हजर होती. मग जो काही गोंधळ उडाला, त्यात कोण काय बोललं हे सगुणाबाई कधी सांगत नसत. एवढंच सांगत की मुलाचे मामा उठले, छत्री उचलली आणि सगळं वऱ्हाड त्यांच्या मागून चालतं झालं. लग्न मोडलं. पुढच्या रविवारी अण्णा पहिल्या बाकावर बसले नाहीत. थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसले, पंचपद सोडलं, आणि देवाने बोलावलं तोपर्यंत तिथेच बसत राहिले.

"लग्न मोडल्याचं मला काही नाही," सगुणाबाई म्हणायच्या, आणि ते खरंही होतं. दोन वर्षांनी त्यांना शांतवन मिळाले आणि त्यांचा संसार दृष्ट लागावी असा झाला. कोणीतरी एकदा म्हणालंही, की बाई, त्या शुलमिथचे उपकारच माना, तिच्यामुळे एवढा चांगला नवरा मिळाला. सगुणाबाईंनी त्या बाईकडे नुसतं पाहिलं. "नवरा देवाने दिला. तिने माझ्या बापाला शेवटच्या बाकावर बसवलं. दोन्हींच्या पावत्या वेगवेगळ्या आहेत." असं ते प्रकरण. मुलगी लग्न ठरल्यावर मैत्रिणीजवळ रडते, ते काय चर्चमध्ये उठून सांगायचं असतं का? असं त्यांना तेव्हा वाटलं होतं आणि अजूनही वाटत होतं.

यंदा मात्र देवाने त्यांची पंचाईत केली.

वर्षातून एकदा चर्चमध्ये महिला रविवार असतो. त्या दिवशी सगळी उपासना बायकांनी चालवायची: वाचन बायकांचं, उपदेश बाईचा, घंटासुद्धा बाईच वाजवणार. कोणी काय करायचं यावरून पूर्वी इतके रुसवेफुगवे व्हायचे की महिला मंडळाने चिठ्ठ्या टाकायची पद्धत सुरू केली. सगुणाबाईंच्या सूनबाई नम्रता मंडळाच्या सेक्रेटरी. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी आणि उरलेल्या वेळात हे. तिने स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, डबा फिरवला, सगुणाबाईंनी चिठ्ठी उघडली, चष्मा वर केला, खाली केला, आणि चिठ्ठी परत घडी करून मुठीत धरली.

"काय आलं, मावशी?" कोणीतरी विचारलं.

"प्रभूची प्रार्थना," सगुणाबाई म्हणाल्या.

 खोलीतल्या शेंगदाणे खाणाऱ्या थांबल्या. सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट सुचली होती: माइकपुढे उभं राहून मंडळीला प्रार्थना सांगायची म्हणजे ओळ गाळता येणार नाही. गाळली, तर सगळं चर्च तिथेच अडकणार. म्हटली, तर इतकी वर्षं पाळलेलं मोडणार, तेही खोटं बोलून.

"आई, माझं वाचन तुम्ही घ्या," नम्रता पटकन म्हणाली. "मी प्रार्थना घेते. सोपं आहे."

"का? मला प्रार्थना येत नाही?"

"तसं नाही हो, आई..."

"चिठ्ठी देवापुढे टाकली ना? मग आता आवडली नाही म्हणून बदलायची का?" सगुणाबाई उठल्या आणि चपला शोधायला लागल्या. बोलून तर बसल्या होत्या, पण चिठ्ठी घरी येईपर्यंत मुठीतच होती.

पुढचे काही दिवस घरात त्यांच्याजवळ बसणं कठीण झालं. त्या भाजी निवडता निवडता थांबायच्या आणि ओठ हलवायच्या. ओळीपर्यंत यायच्या. आल्या की अडायच्या. देवघरासारखी एक छोटी जागा त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात केली होती, तिथे खुर्ची टाकून त्या देवाशी भांडायच्या, अगदी ऐकू येईल असं. "तुला माहितीये मला जमत नाही. मग ती चिठ्ठी माझ्याच हातात कशी आली?" देवाने काही उत्तर दिल्याचं नम्रताने ऐकलं नाही. पण गुरुवारी सकाळी सगुणाबाई नवी साडी नेसून, पर्समध्ये गोळ्या आणि पाण्याची बाटली घालून दारात उभ्या राहिल्या.

"मी हिंजवडीला जाते," त्या म्हणाल्या.

शुलमिथ कुठे राहते हे त्यांना शोधायची गरज नव्हती. पुण्यातला ख्रिस्ती समाज एवढासा. कोणाचा मुलगा कुठे लागला, कोणाला मोतीबिंदू झाला, हे प्रत्येक अंत्यविधीला आपोआप कळतं. शुलू दिसायचीही कधीकधी, एखाद्या लग्नात, समोरच्या पंगतीला. सगुणाबाई मग वरणभातात लक्ष घालायच्या. शुलूचा नवरा वारला, मुलाने हिंजवडीला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, ती तिथे राहायला गेली, हे सगळं त्यांना तारखेसकट माहीत होतं.

"मी कॅब करून देते, आई," नम्रता म्हणाली.

"नको. पीएमटीने जाते. वाटेत जरा वेळ मिळेल."

वेळ भरपूर मिळाला. मनपाला बस बदलली आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ती अशी काही रुतून बसली की सगुणाबाईंचं वाक्य अगदी घोटून तयार झालं: "शुलमिथ, तू चूक केलीस, तरी मी तुला क्षमा करते." त्या तेच मनात घोळवत होत्या. शेजारी गळ्यात कंपनीचं कार्ड घातलेली एक मुलगी बसली होती. ती हसून म्हणाली, "आजी, इंटरव्ह्यूला चालला का?"

"हो," सगुणाबाई म्हणाल्या. "पण घेणार मी आहे."

टॉवरच्या गेटवर वॉचमनने मोबाइल पुढे धरला आणि विचारलं, काम काय आहे. "जुनं काम आहे," त्या म्हणाल्या. वॉचमनने जरा विचार केला आणि 'मेंटेनन्स' असं टाकून त्यांना आत सोडलं.

दार शुलूनेच उघडलं. गाउन, वर ओढणी, केस पांढरे, दात बहुतेक नवे. 

"आलीस?" शुलू म्हणाली. "मला वाटलं, मी मेल्यावर येशील."

"तेव्हाही आले असते. पण लांब बसले असते."

"ये आत. चप्पल आतच काढ, इथे शेजारी तक्रार करतात."

सगुणाबाई सोफ्याच्या कडेवर बसल्या. घोटलेलं वाक्य विसरण्याआधी म्हणून टाकावं, म्हणून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "शुलमिथ, तू चूक केलीस, तरी मी तुला क्षमा करायला आले आहे."

"बरं झालं," शुलू म्हणाली. "चहात साखर घालू, की तुलाही शुगर आहे?"

"आहे. अर्धा चमचा घाल."

शुलू आत गेली. भांड्यांचा आवाज आला, आल्याचा वास आला.  एवढी वर्षं जे उराशी धरून ठेवलं, ते काढून समोर ठेवलं, आणि ही बाई आलं किसते आहे. चहा आला. सोबत खारी आली. शुलू समोर बसली आणि बशीत चहा ओतत म्हणाली, "आता सांग. कशाबद्दल करतेस?"

"कशाबद्दल म्हणजे? उठलीस त्याबद्दल."

"मग नको करूस. ते आज विचारलं तरी मी उठेन."

सगुणाबाईंचा संताप उसळला. त्यांनी सगळं सांगितलं, मामांची छत्री, लोकांच्या नजरा, आणि अण्णा. अण्णांचा तो शेवटचा बाक. "माझा बाप मान खाली घालून बसला शुलू, मरेपर्यंत. तुझ्या तोंडामुळे."

शुलूने कप खाली ठेवला. तिचा आवाज चढला नाही. "तू काय म्हणाली होतीस मला, आठवतं?"

"रडले होते. मुली रडतात."

"मुली आईला सोडून जायचं म्हणून रडतात. तू म्हणालीस, तो माणूस समोर आला की मला पळून जावंसं वाटतं. म्हणालीस, अण्णांना सांगायची माझी हिंमत नाही, कोणीतरी सांगावं. मी सांगितलं."  "आणि मग पाळकसाहेबांनी तुला उभं केलं. विचारलं, सगुणा, हे खरं का? तू काय म्हणालीस?"

 खारीचा तुकडा सगुणाबाईंच्या हातात तसाच राहिला.

"तू म्हणालीस, नाही. शुलू खोटं बोलते, तिला माझं बघवत नाही."

खाली कुठेतरी कंपनीची बस हॉर्न वाजवत होती. जी बाई खोटं नको म्हणून देवासमोर एक ओळ गाळत आली, तिला आपलं ते वाक्य आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण ते त्यांनी इतकं खोल पुरून वर शुलूचा अपराध रचला होता, की खाली काही आहे हेच त्या विसरल्या होत्या. 

"आम्ही ते चर्च सोडलं, तुला माहीतच आहे," शुलू म्हणाली. "पिंपरीला गेलो. माझी आई बरेच दिवस माझ्याशी बोलायची नाही. पण ते मी केव्हाच सोडून दिलं, सगुणा. अण्णा आले होते तेव्हाच."

"कोण अण्णा?"

"तुझे अण्णा. सायकलवरून आले पिंपरीपर्यंत, पायजम्याला क्लिपा लावून. मला म्हणाले, पोरी, खरं सांग, ती रडली होती का? मी सांगितलं, हो.  आणि मग त्यांनी माझ्यापुढे हात जोडले." शुलूने स्वतःचे हात जोडून दाखवले, आणि तिचे डोळे भरून आले. "म्हणाले, सगुणा घाबरली म्हणून खोटं बोलली. तिच्या वतीने मी माफी मागतो. माझ्याही वतीने मागतो. घरातली मुलगी रडतेय हे मला दिसलं नाही, आणि मी मंडळीचा पंच म्हणवून पुढे बसत होतो. माझी जागा मागेच बरी."

"असं म्हणाले?"

"असंच. मी म्हटलं, अण्णा, सोडलं. त्यांनी प्रार्थना केली. आईने बोंबलाचं कालवण केलं होतं, ते जेवून गेले. दोनदा भात घेतला."

सगुणाबाई रडल्या. अगदी लहान पोरीसारख्या हुंदके देऊन रडल्या, पदर भिजला, नाक लाल झालं. शरमेने रडल्या, आणि अण्णा मान खाली घालून बसत नव्हते हे कळल्यामुळेही रडल्या. आणि आपल्याला क्षमा मिळून एवढा काळ लोटला, आपण मात्र ती शुलूला नाकारत फिरत होतो, याचं त्यांना खरंच फार वाईट वाटलं.

"मला कधी एक अक्षर बोलले नाहीत," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मला म्हणाले, तिला सांगू नकोस, तिचं तिला उमगू दे. ती स्वतःहून येईल. मी म्हटलं, येईल की दोन-चार महिन्यांत." शुलूने ओढणीच्या टोकाने डोळे टिपले. "मला काय माहीत तू म्हातारी होऊन येशील."

यावर सगुणाबाईंना रडता रडता हसू फुटलं. मग शुलूलाही फुटलं. आणि एकदा फुटलं ते थांबेना. त्या मास्तराची नक्कल शुलूने अशी करून दाखवली, नाकातून बोलत, धोतराचा सोगा सावरत, की सगुणाबाईंच्या हातातला चहा साडीवर सांडला.

"शुलू, मला माफ कर," हसणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या.

"केलंय म्हटलं ना. आता पुन्हा पुन्हा काय."

"आणि मी तुला करायला आले होते ते?"

शुलूने जरा विचार केला. "मी मागत नाही हं. पण दोन बस बदलून आणलीस, तर दे. घेते." मग तिने सगुणाबाईंना जेवल्याशिवाय सोडलं नाही. संध्याकाळी नम्रता ऑफिसमधून न्यायला आली, तेव्हा दोघी गॅलरीत बसून गाण्याचे जुने सूर आठवत होत्या आणि खालच्या मजल्यावरून कोणीतरी आवाज कमी करा म्हणून सांगायला आलं होतं.

रविवार उजाडला. शुलू काही आली नाही. तिच्या चर्चमध्येही महिला रविवारच होता आणि दानाची थाळी तिच्याकडे होती. विश्रांतवाडीचं चर्च मात्र गच्च भरलं होतं. एरवी महिला रविवारी आजारी पडणारे पुरुषसुद्धा आले होते. सगुणाबाई आज काय करणार, याची चर्चा आठवडाभर घरोघरी चालली होती. त्या हिंजवडीला जाऊन आल्याचं कळलं होतं, पण तिथे काय झालं ते नम्रताने कोणाला सांगितलं नव्हतं.

गाणी झाली, वाचनं झाली. सगुणाबाई माइकपुढे आल्या. त्यांनी माइक आपल्या उंचीला ओढून घेतला आणि सुरुवात केली. मंडळी त्यांच्या मागोमाग म्हणू लागली. आवाज तोच, खणखणीत. भाकरीची ओळ झाली, आणि ती ओळ आली.

आता इथे जे झालं ते कोणी ठरवून केलं नव्हतं. सगळ्यांना ऐकायचं होतं. म्हणून सगळे थांबले. लहान पोरं थांबली, पाळकसाहेब थांबले, पेटीवालीची बोटं पेटीवर थांबली. आणि त्या शांततेत सगुणाबाईंनी ती ओळ एकटीने म्हटली, अक्षर न् अक्षर. पहिला अर्धा भाग, आम्हांला क्षमा कर असं मागायचा, तो म्हणताना त्यांचा आवाज कापला. दुसरा नीट आला. आणि तो खरा होता, हे ऐकणाऱ्याला कळत होतं.

पण ओळ संपली तरी मंडळी गप्पच. सगळे अजून सगुणाबाईंकडेच बघत होते. कोणी डोळे पुसत होतं. सगुणाबाईंनी मान वर केली आणि चष्म्यावरून सगळ्या बाकांवर नजर फिरवली.

"थांबलात का?" त्या माइकमध्ये म्हणाल्या. "मी एकटीनेच सोडायचं का? तुमचं कोणाशी काही राहिलेलं नाही?"

मागे कोणीतरी खाकरलं. दोन-चार जण हसले आणि लगेच गप्प झाले. उमाप बंधू, एक खिडकीच्या बाजूला आणि एक दाराच्या बाजूला, दोघांनीही एकदमच पायांकडे पाहिलं. सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीवरून त्यांचं बोलणं बंद होतं, आणि हे बाकीच्या सगळ्यांनाही माहीत होतं.

"पुन्हा म्हणू या," सगुणाबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी."

या वेळी सगळ्यांनी म्हटली. काहींनी मोठ्याने, काहींनी जरा अडखळत. दाराकडच्या थोरल्या उमापांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. ओळ संपली, चर्च शांत झालं, आणि खिडकीकडून एकट्या धाकट्या उमापांचा आवाज आला. ते मागे राहिले होते. ओळीच्या मध्यावर होते आणि एकेक शब्द जड ओझ्यासारखा उचलून ठेवत होते.

सगुणाबाई माइक धरून उभ्या राहिल्या. कोणी घाई केली नाही. धाकट्या उमापांचा शेवटचा शब्द होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली, आणि मगच पुढची ओळ घेतली.